आत्याबाईंच्या तोंडातली आग

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन शहरात आलेल्या. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मामंजी नुकतेच निवृत्त झाले होते, आमचे हे चितेगावच्या एका कारखान्यात होते आणि मी औरंगपुऱ्यातल्या शाळेत शिकवत होते. सहा वर्षांत आत्याबाईंनी मला गॅसजवळ फारसं फिरकू दिलं नव्हतं. "तू वह्या तपास, भाजीचं मी बघते," म्हणायच्या. मला ते सोयीचंच होतं.

एका दिवाळीनंतर मात्र त्यांनी मला अचानक शिकवायला घेतलं. आमटीच्या येसराला, म्हणजे त्या भाजणीच्या मसाल्याला, कुठलं धान्य किती भाजायचं, लोणच्याला मीठ किती, पापडाचं पीठ कसं मळायचं. "वहीत लिहून घे," असं बजावायच्या. एका रविवारी तर कपाट उघडून कुठलं लुगडं कोणत्या नणंदेला द्यायचं तेही सांगून झालं. मी घुश्शात यांना म्हटलं, "सहा वर्षांनी आता माझ्यात चुका दिसायला लागल्यात वाटतं."

जानेवारीतल्या एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आत्याबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या. मांडीवर वाटी, वाटीत बर्फ, एक तुकडा तोंडात आणि डोळ्यांतून पाणी. मला बघताच वाटी पदराखाली गेली.

"थंडीत बर्फ खाताय? काय झालं?"

त्यांनी तोंडातला तुकडा गालात सरकवला. मग म्हणाल्या, "जीभ जळती, पोरी. पाच महिने झाले. मिरची चावल्यावानी, अन् मिरची तर खाल्लेलीच नसती. सकाळी बरं असतं, दुपार कलली का पेटतं. ओठ, टाळू, समदं."

"मग जेवता कशा?"

"जेवताना लई त्रास नाय. उलट घास तोंडात असला का बरं वाटतं. म्हणून तर तुम्हाला कुणाला कळलं नाय."

मध्यंतरी त्यांनी एक दाढ काढून घेतली होती. किडली म्हणून काढली असं आम्हाला सांगितलं होतं. ती या आगीपायीच गेली होती, आणि दाढ जाऊनही आग होती तशीच राहिली होती.

"सांगितलं का नाही?"

"मी वीस वर्षं तंबाखूची मिश्री लावली. माझ्या चुलतीनं पण लावली होती. तिचा गाल सडून गेला, मी डोळ्यांनी बघितलंय." एवढं बोलून त्यांनी माझा हात धरला. "तुला समदं शिकवून ठेवलं, म्हणजे घराचे हाल व्हायचे नाय."

तेव्हा मला त्या वहीचा अर्थ कळला. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि दोघी रडलो. मिश्री त्यांनी केव्हाच गुपचूप सोडली होती.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाने सुरू झाले. एकानं पित्त म्हणून औषध दिलं. दुसरे तोंडात बघून म्हणाले, इथं काहीच नाही, हे मनाचं आहे, यांना भजनात रमवा. बाहेर आल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "मन काय जिभेवर असतं व्हय?"

शेवटी सरकारी दंत रुग्णालयात गेलो. रांग मोठी होती. आमचा नंबर एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे लागला. त्यांनी बॅटरी लावून गालाच्या आत, जिभेखाली, घशाकडे बघितलं, मान चाचपली आणि विचारलं, "मावशी, पाळी कधी गेली?"

आत्याबाईंनी आधी मागं कुणी पुरुष उभा नाही ना ते बघितलं. "दोन वर्षं झाली. पण त्याचा अन् तोंडाचा काय संबंध?"

"असू शकतो. गाठ नाही, जखम नाही, चट्टा नाही. हा कॅन्सर नाही."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मग समजावलं, की पाळी जाण्याच्या सुमारास किंवा नंतर काही बायकांना असं होतं. तोंडात काही नसतं, पण तिथल्या नसा जळतंय जळतंय असं कळवत राहतात. "असं का होतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. पण तुमचा त्रास खरा आहे, मावशी. तुम्ही तो मनानं काढलेला नाही."

हे ऐकून आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रक्त तपासलं. साखर ठीक होती, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. झोंबणारी टूथपेस्ट बदलली. एक छोटी गोळी तोंडात विरघळवून थुंकायला सांगितली होती. आराम पडायला महिने लागतील, हेही डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं.

मामंजींना आम्ही दंत रुग्णालयातून घरी आल्यावरच सगळं सांगितलं. "पाच महिने मला बोलली नाहीस?"

"तुम्ही घाबरला असता."

"अन् आता काय घाबरलो नाही?" म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी आग जास्त असायची. म्हणून मामंजी रोज साडेसहाला स्कूटर काढायचे आणि आत्याबाईंना मागं बसवून गुलमंडीवर कुल्फी खायला न्यायचे. स्वतःला मधुमेह, त्यामुळे मामंजी नुसते बघत उभे. गल्लीतल्या बायका हसायच्या. आत्याबाई लाजायच्या, पण सहा वाजले की वेणी घालून तयार असायच्या.

वर्षभरात आग पुष्कळ कमी झाली. पार गेली नाही. एखाद्या दिवशी "आज आलीया बाई" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात सोयगावहून त्यांची धाकटी बहीण आली. दर दोन मिनिटांनी ती पाण्याचा घोट घ्यायची आणि नुसता तोंडात धरून बसायची. आत्याबाईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना, सगळे बसलेले असताना, त्यांनी सरळ विचारलं, "तुझी पाळी गेली का गं? जीभ जळती का?"

हे ताटात बघायला लागले. मामंजींना एकदम ठसका लागला. बहीण आधी गोरीमोरी झाली, मग हळूच म्हणाली, "तुला कसं कळलं, अक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघी बहिणी रिक्षात बसून गेल्या. मी येऊ का विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "तू शाळेत जा. मला माहीत हाय, कुठं जायचं."