ओल्वेनमावशीच्या दारापुढची चौकट

आधीच कबूल करतो, ओल्वेनमावशी पडली त्या दिवशी तिच्या दारात माझीच व्हॅन उभी होती.

आमची गल्ली डोंगराच्या अंगावर चढत गेलेली. दोन्हीकडे घराला घर चिकटलेलं, गॅरेज कुणालाच नाही. रस्ता कुणाच्या बापाचा नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी ज्याच्या दारापुढची जागा त्याची, हा आमचा न लिहिलेला कायदा. घरटी दोन गाड्या झाल्यापासून तो रोज मोडतो आणि रोज कुणीतरी कुणाशी तरी बोलेनासं होतं.

ओल्वेन प्यू माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिनं आम्हाला जेवू घातलं, म्हणून अख्ख्या गल्लीची मावशी. चौदाव्या वर्षापासून ती गावच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवते. कडेवर पोर घ्यावं तसं ते मोठं पितळी वाद्य घेऊन बसते, आणि वाजवायला लागली की आमच्या भिंतीवरची घड्याळं हलतात. साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा तिनं डॉक्टरला विचारलं, "फुंकायला पाय लागतो का हो?" मग पायाऐवजी हातानं चालवायची छोटी लाल मोटारगाडी घेतली आणि पुन्हा सरावाला जायला लागली.

जाण्याचं काही नव्हतं, परत येण्याची पंचाईत होती. आली की दारात दुसऱ्याची गाडी. मग खाली चॅपेलपाशी, उताराच्या तळाच्या प्रार्थनाघरापाशी, गाडी लावायची आणि खोट्या पायावर तो चढ चढायचा. वसंतात तिनं कौन्सिलकडे, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडे, दारापुढच्या रस्त्यावर अपंगांच्या पार्किंगची चौकट रंगवून मागितली. कौन्सिलनं शेजाऱ्यांचं मत विचारलं आणि मी शहाण्यानं दोन पानी विरोध लिहून पाठवला. गल्लीतली एक जागा कमी होईल म्हणून! ऑगस्टमध्ये ती त्या चढावर पडली आणि अर्धा तास तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी मी पत्र मागे घेतलं. माफी मागायला मात्र माझं तोंड उघडेना.

त्यानंतर मावशीनं गाडी हलवलीच नाही. गाडी दारात असली की जागा शाबूत. अकरा आठवडे ती घरात बसली. मग बँडमास्तर बेडो यांचा निरोप आला: शनिवारी स्पर्धा आहे, शुक्रवारी दुपारी तीनला शेवटचा सराव, आली नाहीस तर तू एकटीनं वाजवायचा तुकडा दुसऱ्याला देईन. माझ्या बायकोला, नेरिसला, मावशी म्हणाली, "देऊ देत." पंचावन्न वर्षं वाजवणारी बाई 'देऊ देत' म्हणाली!

त्याच आठवड्यात कौन्सिलची चिठ्ठी आली. शुक्रवारी सकाळी चौकट रंगवायला माणसं येतील, जागा मोकळी ठेवा. गाडी आडवी आली तर माणसं परत जाणार, मग पुढची पाळी थेट वसंतात.

काय सांगू, गल्लीत नुसती धांदल उडाली. गुरुवारी संध्याकाळीच मावशीच्या दारापुढे दोन्ही अंगांना कचऱ्याचे डबे, खुर्च्या, कुणाची इस्त्रीची घडवंचीसुद्धा मांडली. माझी व्हॅन मी आपण होऊन खाली चॅपेलपाशी नेली. एकही परकी गाडी घुसू द्यायची नाही, असं ठरलं.

शुक्रवारी अकराला ट्रक आला. त्यातला टकल्या उतरला, बघत राहिला. म्हणाला, "झकास. आणि ही लाल गाडी कुणाची?"

अकरा आठवडे ती तिथंच होती, आम्हाला ती भिंतीसारखीच वाटायला लागली होती.

"माझीच की," मावशी खिडकीतून म्हणाली आणि किल्ली पुढे केली. किल्ली फिरवली तर गाडी हूं नाही की चूं नाही. बॅटरी मेलेली.

"वीस मिनिटं थांबतो," टकल्या म्हणाला. "मग आम्हाला दुसरीकडं जायचंय."

मोकळी जागा एकच होती, माझ्या दारातली. नेरिस ब्रेकवर बसली, आम्ही सहाजण गाडीला भिडलो. उतारावर गाडी ढकलणं सोपं, थोपवणं अवघड. मी पुढून पाठ लावून उभा, बूट घसरतायत, नेरिस ओरडतेय, "गेथिन, पोट आत घे, चिरडला जाशील." पण पोचवली. आणि त्या काळ्या रस्त्यावर पांढरी रेघ उमटली तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

मी व्हॅन आणून मावशीच्या गाडीला करंट दिला. ती शेजारी काठी टेकून उभी होती.

"मावशी, माझं चुकलं."

"दोन पानं लिहिलीस म्हणे. शाळेत निबंधाच्या चार ओळी होत नव्हत्या तुझ्यानं."

तेवढ्यात जाताजाता टकल्या म्हणाला, "एक सांगून ठेवतो. ह्या रेघा नुसत्या विनंतीच्या. कुणी गाडी लावलीच तर दंड होत नाही."

मावशीचा चेहरा उतरला. "मग कशाला जाऊ? आल्यावर पुन्हा तेच."

"तू जा," मी म्हणालो. "मी आहे."

"तू?" ती म्हणाली. मग युफोनियम आणायला आत गेली. अडीचला युफोनियम मागच्या सीटवर चढलं आणि मावशी गेली.

मी खिडकीतच बसलो. पाच वाजल्यापासून माणसं कामावरून यायला लागली. एकेक गाडी चौकटीपाशी हळू व्हायची आणि पुढे जायची. कोपऱ्यावरचा इफान तीन चकरा मारून शेवटी चॅपेलपाशी गेला, डबा काखेत मारून चढ चढत आला, मला शिवी घालून घरात शिरला. साडेपाचला एक परकी गाडी मागे मागे येत चौकटीत शिरायला लागली. मी मोज्यांवरच धावलो आणि तिच्या मागे हात पसरून उभा राहिलो. तो माणूस पुढे निघून गेला आणि मागोमाग लाल गाडी आली. मावशीनं ती अशी अलगद आत घातली की चाक रेघेला शिवलं नाही.

"तुकडा?" मी विचारलं.

"माझाच. मोजे बघ तुझे, घरात जा."

पुढच्या आठवड्यात ती नऊ वेळा बाहेर पडली. नेरिसनं विचारलं, एवढं कुठं जातेस? तर म्हणाली, कुठं नाही, गावातून एक फेरी मारून परत येते.