साडेएकवीस वेढ्यांची मोटार

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला सगळे बसताई म्हणतात आणि तिच्यापुढे जरा जपूनच बोलतात. ती काही खाष्ट वगैरे नाही हो. पण बसभर पोरांचा गलका एका "ए!"वर गप्प करायची सवय लागलेला आवाज घरी, दुकानात, बँकेत सगळीकडे तसाच लागतो, त्याला ती तरी काय करणार? "माझ्या बसमध्ये बाटलीतलं पाणी हलत नाही," असं ती छातीठोकपणे सांगते, आणि समोरच्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगते.

रविवारी हीच बाई रिमोटच्या गाड्या पळवते. खेळण्यातल्या गाड्या म्हणालात तर फुकटची बोलणी खाल. हातभर लांबीची शर्यतीची गाडी असते ती, आणि तिचं एकेक चाक बसताई असं पुसते की घरातल्या कपबशांना हेवा वाटावा. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गालिचा अंथरून, कडेनं पाण्याच्या नळ्या टाकून ट्रॅक केलाय. सगळे चालक लाकडी ओट्यावर रांगेत उभे राहतात आणि खाली गाड्या अशा सुटतात की नवख्या माणसाचं डोकं गरगरावं.

हा नाद तिला लावला दादानं. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, घड्याळजी. लहानपणी मोडक्या घड्याळांची चाकं जोडून तो तिला गाड्या करून द्यायचा, आणि पुढे खरी गाडी आली तेव्हा पहिल्यांदा रिमोट हातात दिला तोही त्यानंच. ट्रॅकवर दादाचं नाव होतं. भलेभले त्याची गाडी मागून येताना दिसली की आपणहून बाजूला व्हायचे. मात्र गाडीच्या पोटातली मोटार निवडायची ती बसताईनं, हे दोघांत कधी न बोलता ठरलं होतं, आणि त्याबाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मोटारीचं गणित तसं सोपं आहे. या मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. वेढे कमी तितकी मोटार तापट, जरा बोट लावलं की उधळली. वेढे जास्त तितकी शांत, पळते कमी, पण सांगाल तेवढंच ऐकते. दादाला जन्मभर तापटच आवडल्या. त्याच्या गाडीत साडेतेरा वेढ्यांची मोटार होती, आणि ती सांभाळायला लागणारं बोटही त्याच्याकडे होतं.

होतं, असंच म्हणायचं. कारण अलीकडे दादा प्रत्येक शर्यतीत शेवटचा यायला लागला होता. सुरुवातीला बसताईनं टायरला शिव्या घातल्या, मग बॅटरीला. मग एकदा ती त्याच्या दुकानात गेली, तर टेबलावर मनगटी घड्याळ एकही नव्हतं, सगळी भिंतीवरची मोठाली. दादानं चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि तिनं बघितलं तशी नजर खिडकीकडे वळवली. 

त्याच्या घरी जाऊन तिनं वहिनीला गाठलं.

"वहिनी, खरं काय ते सांगा. दादाच्या हाताला काय झालंय?"

वहिनीनं आधी दार लोटून घेतलं. "थरथरतो गं. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, घाबरायचं कारण नाही, गोळ्या दिल्यात. पण कुणाला सांगितलंस तर बघ, अशी मला शपथ घातलीय. आणि परवा माळ्यावरून गाडीचं रिकामं खोकं काढायला लावलं. म्हणाले, येत्या रविवारी साठी झालेल्यांच्या शर्यतीत एकदा पळवतो आणि ठेवून देतो."

"ठेवून देतो म्हणजे?"

"म्हणजे संपलं. रविवारी आता ते घरी बसून काय करणार, मला तर विचारच करवत नाही."

बसताईला विचार करायला फार वेळ लागत नाही. रिमोटला बंदुकीसारखा घोडा असतो, तो बोटानं ओढायचा. बोट थरथरलं की घोडा थरथरतो, आणि तापट मोटार त्या प्रत्येक थरथरीला हुकूम समजते. गाडी उसळते, घसरते, उलटते. हात बदलता येत नसेल तर मोटार बदलायची, यात एवढं रडण्यासारखं काय आहे? ती सरळ दादाकडे गेली आणि साडेएकवीस वेढ्यांची मोटार टेबलावर ठेवली.

"ही लाव."

दादानं आकडा वाचला. "ही? ही शिकाऊ पोरांची मोटार."

"शिकाऊ बिकाऊ काही नाही. तुझ्या हाताला..."

"माझ्या हाताला काहीही झालेलं नाही!" दादा ओरडला. बसताईवर ओरडणारा या जगात तो एकटाच माणूस. "उचल ती. उद्या मला चालायला काठी आणून देशील."

ती मोटार पर्समध्ये टाकून बाहेर पडली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत राग निवला आणि डोकं चालायला लागलं.

त्या क्लबात एक नियम आहे, त्याला सगळे बदली म्हणतात. जिंकणाऱ्यानं शर्यत संपल्यावर आपली मोटार काढून टेबलावर ठेवायची. हरलेल्यांपैकी कुणालाही ती हवी असेल तर त्यानं हात वर करायचा, आपली मोटार द्यायची आणि ती न्यायची. जिंकणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. कुणी चोरून काही भारी मोटार बनवून आणू नये म्हणून केलेला हा नियम. दोघातिघांचे हात वर आले तर सगळ्यात मागे राहिलेल्याचा हक्क पहिला.

बसताईनं ठरवलं, ही मोटार मी माझ्याच गाडीत बसवणार. रविवारच्या पहिल्या शर्यतीत सगळे असतात, ती मी जिंकणार. दादा शेवटचा येणार, मोटार त्याच्या हक्काची होणार. बक्षिसासारखी मिळालेली मोटार त्याला कमीपणाची कशी वाटेल?

शांत मोटारीवर तापट मोटारींना हरवायचं कसं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ती हरवणारच होती.

आठवडाभर पोरांना शाळेत सोडलं की बसतळावरच्या मोकळ्या जागेत ती गाडी काढून बसायची. मोटारीच्या दांड्यावर जे छोटं दात्यांचं चाक असतं, पिनियन म्हणतात त्याला, ते तिनं आधी लहान लावलं. गाडी रांगायला लागली. मग मोठं लावलं. गाडी पळाली खरी, पण मोटारीवर बोट टेकवलं तर चटका बसला, म्हणजे अशी ती शर्यतभर टिकणार नाही. मग मधलं. चार चकरा मारून बोट ठेवलं, तर आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट. "ये माझी बाई!" बसताई मोटारीला म्हणाली. स्क्रूची भोकं, दांड्याची जाडी, सेन्सरची तार, सगळं दादाच्या गाडीला बसेल ना, हेही तिनं पाहून ठेवलं. सेन्सरची तार तर हवीच होती, तिच्यामुळे गाडी जागेवरून उठताना झटका देत नाही.

रविवारी औषधाच्या दुकानवाले काका शेजारी उभे होते. काकांचीही साठी झालेली, पण मोटार अशी जहाल की गाडी सुरू झाली की काका स्वतःच दचकतात.

"काय बसताई, आज चौथा नंबर की पाचवा?"

"तुमची पाठ कशी दिसते ते बघायला आलेय काका. एकदाच बघीन, मग तुम्ही माझी बघा."

शिट्टी झाली आणि सरळ रेषेत सगळ्या गाड्या तिच्या पुढे निघून गेल्या. जाऊ देत. पुढे वळण होतं. तिथे एकेकाला ब्रेक लावावा लागला, काकांची गाडी नळीवर आपटली, एक उलटीपालटी झाली. बसताईनं घोडा सोडलासुद्धा नाही. बाटलीतलं पाणी न हलवता बस वळवतात तशी तिनं गाडी वळवली. पुढच्या वळणावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. त्या ट्रॅकवर सरळ रस्ता मुळात होता केवढा? सगळी वळणंच. अर्ध्या शर्यतीत ती पहिली होती आणि शेवटपर्यंत राहिली. काकांना पाठ दाखवायची राहिली नाही.

दादाची गाडी मात्र सारखी उसळत होती. दोनदा उलटली. ओट्याच्या टोकाला उभा राहून त्यानं रिमोट पोटाशी घट्ट दाबून धरला होता, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही बसताई बघत होती. तो शेवटचा आला.

तिनं मोटार सोडवून टेबलावर ठेवली. सगळे जमले. शांत मोटारीची कुणाला कल्पना नव्हती, त्यामुळे पाचसहा हात तर आधीच वर होते. आता दादानं हात वर केला की झालं. पण पंचांनी मोटार उचलली, चष्मा नाकावर सरकवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "साडेएकवीस वेढे!"

"हे काय मध्येच?" बसताई म्हणाली.

"गेल्या बैठकीत ठरलं. घेणाऱ्याला नंतर पस्तावा नको, म्हणून आकडा मोठ्यानं वाचायचा. तू सहलीची बस घेऊन गेली होतीस."

आणि मग जो हशा पिकला! "साडेएकवीस? बैलगाडीची आहे काय?" औषधवाले काका पोट धरून हसले. "बसताई, ही मिक्सरमधली काढलीत की काय?" एकेक हात खाली आला. शेवटी टेबलाभोवती एकही हात वर राहिला नाही.

 एवढ्या लोकांत बसताईची मोटार शिकाऊ ठरली होती, आणि आता ती मागायची म्हणजे आपल्याला शिकाऊच झेपते, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. दादा? शक्यच नव्हतं. तिच्या हुशारीनंच दादाची शेवटची वाट बंद करून टाकली होती. उद्या ते खोकं माळ्यावर जाणार, आणि ते तिच्यामुळे. तिला जिंकल्याचा सुद्धा राग आला.

"कुणाला नको ना?" पंचांनी विचारलं. "मग बदली ना..."

"मला हवी."

मागून आवाज आला. दादानं हात वर केला होता. उजवाच हात. वर धरलेला तो हात सगळ्यांना दिसेल असा थरथरत होता आणि दादानं तो खाली घेतला नाही, लपवला नाही. हसणं आपोआप थांबलं. काकांनी तर खोकल्याचं निमित्त केलं.

बसताईला रडू आलं. पोरांसमोर ती कधी रडत नाही, पण इथे पोरं नव्हती, म्हणून तिनं ओढणीनं खुशाल डोळे पुसले.

दोघं मिळून मोटार दादाच्या गाडीत बसवायला लागली. दोन चाकांच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरतात, मोटार दाबून स्क्रू आवळतात आणि पट्टी ओढून काढतात, म्हणजे फट बरोबर तेवढीच राहते. दादानं पट्टी धरली. मग पेचकस तिच्यापुढे केला. "घे. तू आवळ."

तिनं आवळला.

आता साठीच्या गटाची शर्यत. आधीच्या शर्यतीत पळालेल्यांनी पुढच्या शर्यतीत वळणांवर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, ही तिथली रीत. बसताईनं भांडून सगळ्यात अवघड वळण मागून घेतलं. दादाची गाडी उलटली तर ती माझ्याच हातात पडू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

तिनं कितीतरी गाड्या सरळ केल्या. काकांची तर इतक्यांदा केली की तिची पाठ भरून आली. दादाची गाडी दर फेरीला यायची, वळायची आणि जायची. ओट्यावर त्याचा हात थरथरतच होता, ते लांबूनही दिसत होतं. गाडीला मात्र त्याचा पत्ता नव्हता. बसताई वाकून, हात पुढे करून तयार उभी, आणि गाडी तिच्या बोटांसमोरून निघून जायची. शर्यत संपली तरी तिचे हात रिकामेच होते.

दादा पहिला आला होता.

बसताईनं अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचा रखवालदार काय झालं बघायला वर आला. आणि मग तिच्या लक्षात आलं, जिंकणाऱ्याची मोटार टेबलावर. पंचांनी पुन्हा आकडा वाचला, तोच. पण या वेळी हसलं कुणी नाही, सगळ्यांचे हात वर! आणि शेवटचे कोण आले होते? औषधवाले काका. ते तर दोन्ही हात वर करून उभे होते.

"अहो काका, बैलगाडीची आहे ती!" बसताई ओरडली.

"असू दे. मला बैलगाडीच हवी."

दादानं मुकाट्यानं मोटार सोडवून काकांच्या हातात ठेवली आणि त्यांची ती जहाल मोटार घेतली. ती हातात धरून थोडा वेळ बघितली. बसताई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. 

दादानं ती मोटार तिच्या पर्समध्ये टाकली.

"ही मला नको," तो म्हणाला. "ऐक, तसली दुसरी आण. साडेएकवीसचीच. पुढच्या रविवारच्या आत मिळेल ना?"