काकांचा डावा हात आणि सालसाचा कीबोर्ड

उत्साहाच्या बाबतीत आमच्या घरमालक काकांच्या जवळपास पोहोचेल असं लंडनच्या हाउन्सलोमध्ये काहीही नाही, डोक्यावरून जाणारी विमानं धरून. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो तेव्हा काका सत्तरीचे होते आणि विमानतळाच्या कार्गोतून निवृत्त झालेले होते. पण निवृत्ती म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नसावं. भल्या सकाळी ते बागेतल्या टोमॅटोंना भूप ऐकवत. टोमॅटो लवकर लाल होतात ते या जाचातून सुटण्यासाठी, असं काकूंचं मत होतं. कपाटाचं दार करकरलं की ते ओरडण्याऐवजी सूर ओळखून "काळी चार!" म्हणत आणि आलेल्या पाहुण्याकडूनही ते कबूल करवून घेत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी वर्षानुवर्षं पेटी वाजवली होती. मग मंडळात फोन स्पीकरला जोडून आरत्या वाजू लागल्या आणि काकांना कुणी बोलावेनासं झालं. पेटी मात्र ते रोज पुसत.

अशात एका गुरुवारी ते बुटांसकट धावत माझ्या खोलीत आले. काकू घरात बूट खपवून घेत नाहीत, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. कार्गोतली त्यांची जुनी सहकारी, एक कोलंबियन बाई, सुपरमार्केटात भेटली होती. ती सालसाचा बँड चालवते, तिचा कीबोर्डवाला स्पेनला निघून गेला होता, आणि तिने काकांना रविवारी चार वाजता कम्युनिटी हॉलमध्ये तालमीला बोलावलं होतं. अटी दोन: स्वतःचा कीबोर्ड आणायचा, आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. जमलं नाही तर दुसरा माणूस तयार होता. "अरे, मला बोलावलंय!" काका माझ्या पलंगावर बसत म्हणाले. "या वयात मला कुणीतरी वाजवायला बोलावलंय!" त्या दिवशी त्यांनी एवढा सालसा ऐकला, की काकू फोडणी तालात टाकू लागल्या. संध्याकाळी त्यांनी निकाल जाहीर केला. "यांचा पियानोवाला एकच ओळ घोळवत बसतो बघ. हा तर आपला लेहरा! तबल्यामागे मी आयुष्यभर हेच वाजवलं. फक्त इथे कंबर हलते."

शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि आम्ही कीबोर्ड शोधायला निघालो. नुसता पियानो चालणार नव्हता. पियानो, ट्रम्पेट, ऑर्गन सगळे आवाज एकाच पेटाऱ्यात देणारं वर्कस्टेशन हवं होतं. ते बसमध्ये नेता येईल इतकं हलकं हवं होतं आणि काकूंना खरी किंमत सांगता येईल इतकं स्वस्त. काकांनी खिशातून भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि दुकानातला एकेक कीबोर्ड पट्ट्यात अडकवून लटकवायला सुरुवात केली. "सर, वजन बॉक्सवर लिहिलंय," विक्रेता पोरगी काकुळतीला येऊन इंग्रजीत म्हणाली. "आय नो," काका म्हणाले. "थर्टी इयर्स आय रेड द बॉक्स. दॅट इज व्हाय." खरंच एका बॉक्सवरचं वजन दोन किलोने कमी निघालं. त्यानंतर ती पोरगी आमच्यामागे वही घेऊन हिंडू लागली.

मग काका वाजवायला बसले आणि घोळ झाला. उजवा हात स्वरांवर सुसाट सुटला, आणि डावा हात हवेत मागेपुढे पेटीचा भाता मारू लागला. काकांनी तो धरून पट्ट्यांवर ठेवला. दोन ओळींत तो पुन्हा हवेत. सालसात ती घोळवायची ओळ दोन्ही हातांनी वाजते, उजवा वर आणि डावा एक सप्तक खाली. पेटीवाल्याच्या डाव्या हाताने आयुष्यात एकही सूर वाजवलेला नसतो. काका बराच वेळ त्या हाताकडे बघत बसले. "याला मी दुसरं काम दिलंच नाही रे," ते म्हणाले. "जाऊ दे. तिला फोन करून सांगतो." त्यांचा एवढासा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

फोन मी करू दिला नाही. शनिवारी दुसऱ्या दुकानात एक जुनं, सेकंडहँड वर्कस्टेशन मिळालं. काट्याने त्याला पास केलं होतं. मी मॅन्युअल उघडलं आणि अक्षरशः उडी मारली. त्यात एका पट्टीवर एकाच वेळी दोन पियानो बसवता येत होते, दुसरा एक सप्तक खाली! म्हणजे एका हाताने वाजवलं तरी दोन हातांचं ऐकू येणार. वर डाव्या बाजूला एक छोटी दांडी होती. ती पुढे ढकलली की आवाज फुगेल, अशी मी जोडणी करून दिली. काकांचा डावा हात त्या दांडीवर जाऊन बसला आणि भाता मारू लागला. पियानोला श्वास फुटला. काकांनी दुकानातच मला मिठी मारली, आणि मग विक्रेत्यालाही.

रविवारी हॉलमध्ये काकांनी लेहरा धरला तेव्हा ढोल वाजवणाऱ्या त्या कोलंबियन बाईचे डोळे मिटलेले होते. ते उघडले आणि थेट काकांच्या डाव्या हातावर गेले. तिने वाजवणं थांबवलं. तिने विचारलं, "व्हॉट इज दॅट हँड डूइंग?"

"गिव्हिंग एअर," काका म्हणाले.

ती एवढी हसली की ट्रम्पेटवाल्याला वाजवता येईना. मग तिने ढोलावर थाप मारली आणि तोच ठेका पुन्हा सुरू केला. निघताना ती काकांना म्हणाली, "नेक्स्ट संडे, सेम टाइम." काकांनी मान डोलावली. बसमध्ये कीबोर्ड मांडीवर आडवा घेऊन ते बसले. मग हळूच म्हणाले, "काय म्हणाली रे ती?"

त्यांना नीट ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं.

"पुढच्या रविवारी या म्हणाली, काका."

"पुन्हा सांग."