सरळ टाक्यांचा गुन्हा

"मशीनचं आहे हे."

"या कानात बोल. तो डावा गेलाय माझा."

"मशीनवर शिवलंय म्हटलं, लोंगीनाबाई. झग्याच्या गळ्याची ही टीप बघा. हाताचा टाका इतका सारखा येतो का कुठे?"

"माझा येतो."

"अहो, आजवर कुणाचाच टाका मी असा—"

"कुणाकुणाचं मला सांगू नकोस, सेवेरिन. तुझ्या अंगातला हा कापूस भरलेला डगला कुणी शिवला?"

सेवेरिनचा हात नकळत छातीवर गेला. "तुम्हीच. पण हे टाके कसे, हाताचे दिसतात."

"दिसणारच! तेव्हा मी शिकत होते, गाढवा!"

मागची रांग फिस्सकन हसली. किल्ल्याच्या दरवाजात सेवेरिनचं तपासणीचं टेबल मांडलं होतं, पोलंडमधलं जुलैचं ऊन डोक्यावर होतं, आणि काखेत शिरस्त्राणं धरून सरदार बनलेली मंडळी लोकरीत शिजत होती. आतल्या मध्ययुगीन मेळ्याच्या छावणीत पाऊल टाकायचं तर अंगावरचं सगळं सहाशे वर्षांपूर्वीसारखं हवं. प्लॅस्टिकचं बटण दिसलं, मशीनची टीप दिसली, की माणूस आल्या पावली परत. पास झाला त्याला शिशाचा बिल्ला. हा नियम दहा वर्षांपूर्वी मेळ्याच्या मंडळामागे लागून कुणी करायला लावला असेल, तर याच लोंगीनानं. पडद्याच्या कापडाचे झगे घालून मिरवणारे राजे तिला बघवत नव्हते.

लोंगीना अडुसष्ट वर्षांची. वुच शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं एकच काम केलं: पुरुषांच्या कोटाची डावी बाही. रोजचा आकडा ठरलेला. तो गाठला नाही तर मुकादमीण पाठीशी येऊन उभी राहायची, काही न बोलता. डाव्या हाताला धडधडणाऱ्या यंत्रांनी तो कान खाल्ला. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी तिनं घरातलं मशीनही शेजारणीला देऊन टाकलं. पुन्हा त्या पायपट्टीवर पाय ठेवणार नाही म्हणाली, आणि ठेवला नाही.

हाताची शिवण तिनं पन्नाशीजवळ धरली. संग्रहालयात जाऊन जुन्या थडग्यांतून निघालेल्या कपड्यांच्या चिंध्या बघत बसायची. "बाई, काचेवर श्वास सोडू नका," रखवालदार ओरडायचा. सारखेपणा तीस वर्षांत डोळ्यात बसलाच होता. तो बोटांत उतरायला आणखी दहा वर्षं लागली.

एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांसाठी शिवत आली. दर मेळ्याला स्वतः मात्र नायलॉनच्या ब्लाउजात, कुंपणाबाहेर, पाव आणि आंबवलेली काकडी खात उभी राहायची आणि आपले कपडे मिरवणुकीत चालताना बघायची. हा मंजिष्ठेत रंगवलेला लाल झगा तिचा स्वतःचा, पहिलाच. दोन हिवाळे लागले त्याला. आज दुपारच्या मिरवणुकीत तो घालून तिला एकदा चालायचं होतं. बस्स.

"एक काम करा," सेवेरिन म्हणाला. "दोन विती अस्तर उसवा. मागून हाताचे टाके दिसले की मिटलं."

"उसवणार नाही."

"मग लपवता काय आहात?"

लोंगीनाच्या मानेपासून वर झग्याच्या रंगाची लाली चढली.

"लपवते? मी? ज्या मशीननं माझा कान खाल्ला, त्याच्या नावावर माझे दोन हिवाळे टाकतोस? मशीनला शिवले असेन तर झडून जाऊ देत ही बोटं! आणि तुझ्या शंकेपायी मी माझी शिवण उसवू? तू कोण रे? सुईत दोरा ओवता येतो का तुला?"

"अहो आजी, आटपा की," मागून एकजण म्हणाला. "आम्ही उकडून निघालो इथे."

"नीघ! तुझाही कोट मीच शिवलाय. घाम कुठं साठतो ते मला विचार."

नावं लिहून घेणारी कलिना हळूच म्हणाली, "इथंच शिवून दाखवू दे की त्यांना. मग बघ."

लोंगीना बाकावर बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं त्याच लाल लोकरीचे दोन तुकडे काढले, दोऱ्यावरून मेण फिरवलं. सुई मागे जात होती, पुढे येत होती. आत नगारे वाजू लागले, मिरवणूक उभी राहत होती. तिनं मान वर केली नाही. रांगेतला कुणी आता घाई करत नव्हता.

वीतभर झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि पट्टी सेवेरिनच्या पुढ्यात टाकली.

त्यानं ती तिच्या गळ्याशी धरली. कलिनानं मापाची फीत लावली. "एका सेंटीमीटरात पाच टाके. आणि झग्यावर... पाच." त्यानं पट्टी उलटी केली. मागे एकमेकांवर चढलेले हाताचे लांब टाके होते.

"पास," तो शेवटी पुटपुटला आणि शिशाचा बिल्ला टेबलावरून पुढे सरकवला. "माफ करा, लोंगीनाबाई. फक्त एक सुचवू का? राग मानू नका. पुढच्या वेळी टाके थोडे वाकडेतिकडे घाला. खरे वाटतील."

लोंगीनानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या छातीवरच्या, स्वतःच शिवलेल्या त्या पहिल्या वाकड्या टाक्यांकडे. पट्टी उचलून तिनं पिशवीत टाकली, झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि वळली. पण दरवाजाकडे नाही. रांगेच्या कडेनं, शिरस्त्राणांच्या, कोटांच्या आणि स्वतःच्याच टाक्यांच्या पुढून ती बसथांब्याच्या रस्त्याला लागली. कुणी बाजूला सरून टोपी काढली.

"लोंगीनाबाई! बिल्ला राहिला तुमचा! अहो, मिरवणूक निघतेय!"

सेवेरिन तिच्यामागे धावत आला होता, आणि हाक उजव्या बाजूनं आली होती. चांगल्या कानाच्या बाजूनं. ती चालत राहिली.