विदोसावाची हरकत

माझी भावजय विदोसावा मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की यागोदा आतल्या गाठीची आहे. चौतीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ त्रायान तिला डोंगराकडच्या तेम्स्का गावातून आमच्या पिरोत शहरात घेऊन आला. तिच्यासोबत एक लाकडी पेटी होती आणि तोंडाला कुलूप. सासरी आलेली पोर रडेल, भांडेल, निदान माहेरचं कौतुक तरी सांगेल. ही नुसती बघायची. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, ही घुमी आहे, सांभाळून राहा.

आमची दोन घरं एकाच अंगणात. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे माझा सगळा जीव समोरच्या घरात. मोठ्या गालिच्याला दोघीजणी लागतात, म्हणून ती आणि मी एकाच मागावर बसायचो, खांद्याला खांदा लावून. बावीस वर्षं बसलो. मी बडबड करायची आणि ती लोखंडी पंजाने दोरा ठोकत राहायची. माझी नक्षी चुकली तर एक अक्षर न बोलता माझ्या बाजूच्या चार ओळी उसवून ठेवायची आणि परत विणायला लागायची. असा संताप यायचा! अगं बाई, दोन शब्द सुनव की, म्हणजे मला तुला चार सुनावता येतील. पण नाही. तिच्या हातचा गालिचा मात्र उलटा टाकला तरी सुलट दिसायचा, ते खोटं कशाला सांगू.

त्रायानच्या नाकावर राग लहानपणापासूनच. टायरच्या कारखान्यात तो फोरमन होता तेव्हा तो राग तिथे खर्च व्हायचा. साठ माणसं हाताखाली, दिवसभर ओरडायला मोकळं रान. निवृत्त झाला आणि साठ माणसांच्या वाटणीचं सगळं एकट्या विदोसावाच्या वाट्याला आलं. कॉफीवर फेस कमी आला म्हणून कप फेकायचा. दार उघडायला उशीर झाला म्हणून दारच लाथेने तोडलं, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच सुताराला बोलावलं. आमच्याकडे अशा माणसाला रक्त गरम आहे म्हणतात. मीही तेच म्हणायची, आणि वर विदोसावाला सांगायची की तू त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहू नकोस म्हणजे झालं.

त्याला एकच शौक, जुन्या पिस्तुलांचा. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात चार नग. एक तुर्कांच्या काळचं, चांदीच्या मुठीचं. एक आजोबांनी बाल्कन युद्धातून आणलेलं रिव्हॉल्व्हर. बाकी दोन ऑस्ट्रियन, हातभर लांब. एकाच्याही पोटात गोळी जाईल अशी अवस्था नाही. पोलिसांकडून रीतसर संग्राहकाचा परवाना काढलेला. रविवारी ती चारही काढून तेल लावून पुसायचा, आणि तेवढा वेळ घरात शांतता असायची. मला वाटायचं, बरं आहे, त्या लोखंडात जीव रमतो बिचाऱ्याचा.

गेल्या वसंतात तो दाढदुखीसाठी निश शहरात गेला आणि तिथून वेडा होऊन आला. दंतवैद्य वारलेला, त्याची विधवा घर रिकामं करत होती, आणि तिच्याकडे एक पिस्तूल होतं. बेल्जियममध्ये बनलेलं, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, आपल्या सर्बियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडे असायचं तसलं. तळहाताएवढं. त्रायान माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही हातांनी मला त्याची मापं दाखवत होता. कडा कशा गोल आहेत, कुठे अडकायला कोपरा म्हणून नाही, मुठीत धरलं की बाहेर काही दिसतच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे चालतं. दंतवैद्याने शंभर वर्षांची वस्तू घड्याळासारखी ठेवली होती.

मी विचारलं, चालणारं कशाला हवं तुला? संग्राहकाला काडतुसं ठेवता येत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. तो हसला आणि म्हणाला, "ताई, काडतुसांचं काय, बघता येईल." मग काहीतरी पुटपुटला की असली वस्तू अंगावर असली की माणूस रस्त्याने ताठ चालतो. त्या क्षणी मी त्याचा कान पिरगाळायला हवा होता. मी त्याला राकिया दारूचा आणखी एक पेला ओतला.

त्यानंतर चार वेळा निशला गेला. दाढ दुसरीकडे केव्हाच काढून झाली होती. विधवा शहाणी, परवान्याशिवाय वस्तू द्यायला तयार नव्हती, म्हणून हा नुसता बघून यायचा. चौथ्या वेळी त्याने ते वहीच्या पानावर आडवं ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली आणि तो कागद घडी करून घरी आणला. लग्नाआधी पोरं फोटो बाळगतात तसा तो कागद खिशात घेऊन हिंडायचा. एकदा मला दाखवला तेव्हा घड्यांवर फाटायला आला होता.

एका सकाळी मी समोर गेले तर विदोसावा खिडकीपाशी त्रायानचा हिवाळी कोट मांडीवर घेऊन शिवत होती. तोच कागद बाजूला, त्यावर चष्मा ठेवलेला. काय करतेस म्हणून विचारलं. "खिसा," म्हणाली. आतल्या अस्तरात, डाव्या बाजूला, त्या रेघेच्या मापाचा. टाके बारीक, एकसारखे, तिचे असतात तसे. कपाटात ठेवायच्या वस्तूला कोटात खिसा कशाला लागतो, एवढं मलाही कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. बोल ना, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, दोरा जरा गडद घ्यायला हवा होता, आणि घरी आले.

नव्या हत्याराचा अर्ज केला की पोलीस चौकशीला येतात. घरच्यांना विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात. आणि पिरोतमध्ये त्याला उत्तर एकच. शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ज्याने तुमची बकरी विष घालून मारली त्याच्याबद्दलही पोलिसाला हेच सांगायचं, मग दार लावून घेतल्यावर वाटेल तेवढ्या शिव्या द्यायच्या. घरातलं पोलिसाच्या कानावर घालणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची होती. त्रायानने हेच गृहीत धरून अर्ज टाकला. खरं तर पोलिसाने बायकोला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं असतं. पण चौकशीला येणारा ल्युबेन म्हणजे आमच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा. त्रायानने त्याला घरीच जेवायला बोलावलं, म्हणजे काम एका बैठकीत उरकेल. मलाही बोलावलं, साक्षीला.

विदोसावाने टेबल मांडलं. बाटलीने लाटून चपटं केलेलं आमचं सॉसेज, चीज, भाजलेल्या मिरच्या. त्रायान खुशीत होता, ल्युबेनच्या बापाचे किस्से सांगत होता, पेला रिकामा होऊ देत नव्हता. ल्युबेन पोरगा संकोची. अर्धं जेवण झाल्यावर त्याने फाइल काढली, कागद सरळ केला आणि आधी मला विचारलं. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने लिहून घेतलं. त्रायानने टेबलाखाली माझा हात दाबला.

मग ल्युबेन विदोसावाकडे वळला. ती उभीच होती, पावाची टोपली हातात.

"काकू, या घरात हे हत्यार यायला तुमची काही हरकत आहे का?"

चौतीस वर्षांत त्या घरात तिची मर्जी विचारणारा हा पहिला प्रश्न असावा. सॉसेज कुठल्या दुकानातून आणायचं हेसुद्धा त्रायान ठरवायचा. तिने टोपली खाली ठेवली.

"आहे," ती म्हणाली.

त्रायान हसला. त्याला वाटलं हिला प्रश्न कळला नाही. ल्युबेनला म्हणाला, गावाकडची आहे, सोप्या भाषेत विचार. विदोसावा आत गेली आणि तो कोट घेऊन आली. मिरच्यांची बशी सरकवून तिने तो टेबलावर पसरला, अस्तर वर करून.

"हा खिसा मी शिवलाय. त्या पिस्तुलाच्या मापाने. कपाटातली चार याने कधी घराबाहेर नेली नाहीत. हे तो अंगावर बाळगणार आहे. आणि दिवसभर त्याच्यासमोर मीच असते."

एवढं लांब बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. आवाज चांगला होता तिचा. त्रायानचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेपासून लाल होत गेला. तो ल्युबेनला म्हणाला की बाई वयाने भ्रमिष्ट झाली आहे, तिचं काही लिहू नकोस, ताईला विचार, ताई या घराला आतून ओळखते. ल्युबेनने पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. विदोसावानेही पाहिलं.

"वन्सं," ती म्हणाली, "गेल्या स्लावाला तुम्ही इथेच होतात ना?"

होते मी. घराण्याच्या संताचा दिवस, वीस माणसं जेवायला. ती सूप वाढत होती आणि त्याच्या बाहीवर दोन थेंब सांडले. त्रायान उठला, कपाटातून आजोबांचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि तिच्या कपाळाला टेकवलं. चाप ओढला. टक्क झालं. पुन्हा ओढला. ती भांडं धरून उभी राहिली, पापणीसुद्धा लवली नाही, आणि मग पुढच्या पाहुण्याला वाढायला गेली. रिकामंच आहे, रिकामंच आहे, म्हणत सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. ही गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नाही, कारण मी ती कुणालाच सांगत नाही.

तर त्या टेबलावर तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला. आणि ही, जिच्या खांद्याला खांदा लावून मी बावीस वर्षं बसले. एका शब्दाचा प्रश्न होता.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

विदोसावाने मान हलवली. रागावली नाही. माझ्या बाजूच्या ओळी उसवताना बघायची, तसं पाहिलं फक्त.

ल्युबेन वाटला तितका बावळट नव्हता. त्याने दोघींचंही लिहिलं, जसंच्या तसं, आणि तिची सही घेतली. उठताना म्हणाला, "काकू, आज माझ्यासोबत निघायचं असेल तर गाडी बाहेर आहे." ती आत जाऊन लाकडी पेटी घेऊन आली. मला वाटतं ती आधीपासून भरलेली होती. त्रायान खुर्चीवरून उठला, पण गणवेशातल्या माणसाकडे पाहून परत बसला. राग त्याचा असा माणूस बघून येतो, हे मला त्या दिवशी कळलं. कळायला साठी उलटावी लागली.

अर्ज नामंजूर झाला. पिस्तूल निशच्या त्या बाईने कुणा दुसऱ्याला दिलं म्हणे. विदोसावा आता नदीपलीकडे विणकर बायकांच्या सहकारी संस्थेत काम करते, तिथेच खोली आहे. गल्लीतल्या बायका म्हणतात, बेशरम, नवऱ्याला पोलिसांसमोर उघडा पाडला. बोलायला तोंड कुठे आहे मला?

त्रायान दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला, डोळ्यांत पाणी आणून. "ताई, तू एकटीच माझी," म्हणाला. तेव्हापासून दोन्ही वेळ माझ्याकडे जेवतो. मागच्या रविवारी मिरच्या नीट सोलल्या नव्हत्या म्हणून त्याने काचेचं ताट भिंतीवर मारलं. एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. मी खाली बसून काचा गोळा केल्या, आणि तो निघून गेल्यावर कडी लावून घेतली.

मग फोन हातात घेतला. विदोसावाशी बोलावं असं वाटलं. काय बोलणार होते ते ठाऊक नाही. पण तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. समोरच राहायची ती, कधी मागितलाच नाही.