वानखेडेकाकांची यादी

वानखेडेकाका चपला काढल्याशिवाय टाइपरायटरला हात लावत नसत. मूळचे अमरावतीकडचे, रेल्वेत बाबूगिरी करून निवृत्त झालेले, बूढापारा मोहल्ल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. भोपाळपासून सुटून वेगळं राज्य व्हावं म्हणून जितकी धरणं-आंदोलनं झाली तितक्यांची निवेदनं त्यांनीच टाइप केली. "अर्ज असा पायजे का साहेब खुर्चीत सरळ बसला पायजे," म्हणायचे. खाली मात्र 'समस्त नागरिक' एवढंच. भोपाळच्या सरकारला नावं कशाला कळवायची?

राज्य झालं तेव्हा हा माणूस रडला हो! दारोदार पेढे वाटले. मला म्हणाले, "पोरी, आता कोनाले भ्यायचं नाही. साहेब बी आपले, सरकार बी आपलं." मला त्याच नव्या सरकारच्या एका कचेरीत टाइपिंगचं तात्पुरतं काम लागलं होतं. मला काही त्यांच्याइतकी खात्री नव्हती, पण त्यांच्यापुढे बोलायची छाती कोणाची?

दोन-तीन वर्षांनी आमच्याच खात्यातल्या रोजंदारीवाल्यांनी तलावाजवळ धरण्याचा मंडप टाकला. राजधानीत नव्या गाड्या येत होत्या, नवे बंगले उठत होते, आणि यांना कायम करायचं कोणी नाव काढत नव्हतं. निवेदन लिहून घ्यायला ते काकांकडे आले. "नीचे समस्त कर्मचारी लिख दो, कका," म्हणाले. काका भडकलेच. "काहून? चोरी करून राहिले का तुमी? आपल्या राज्यात तोंड लपवता?" एकेचाळीस जणांची नावं, बापाचं नाव, पत्ता, सगळं ओळीने टाइप केलं. मलाही विचारलं, "तू बी तं तात्पुरतीच. तुहं नाव टाकू?" मी नाही म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मोर्चा निघाला, कुठून तरी दगड आला, लाठ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी बड्या बाबूंनी निवेदनाखालची तीच यादी माझ्या टेबलावर ठेवली. "इनको कल से नहीं आना है. आदेश बना दो." पोलिसांनाही इतकी नीट यादी करता आली नसती. मी एकेचाळीस आदेश टाइप केले. हात थांबले नाहीत. खरं सांगते, माझी नोकरी जाईल, एवढीच भीती होती.

त्यानंतर काका पार बदलले. मंडप उठलेल्या जागी रोज दुपारी जाऊन उभे राहायचे आणि यादीची कार्बन कॉपी हातात धरून हजेरी घेतल्यासारखी नावं वाचायचे. येणारेजाणारे हसायचे. एकदा मला घेऊन पुरानी बस्तीत शांतीबाईकडे गेले. ती यादीतलीच, काम गेल्यावर लोकांकडे भांडी घासत होती. काकांनी हात जोडले, तर तीच म्हणाली, "तुँहर का गलती कका, बइठव, चाय पियव." परतताना काका म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तं बरं होतं वं."

दोन वर्षं मी तोंड शिवून बसले. शेवटी त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा एका दुपारी सांगून टाकलं, "काका, ते आदेश मीच टाइप केले." ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "मंग आता एक अर्ज टाइप करून आन. त्या लोकाइले परत घ्या म्हना. माह्या बोटात जोर नाही राहिला. खाली दोघाइचे बी नावं टाक."

जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या कॉम्प्युटरवरच टाइप केला. दोन्ही नावं घातली. आम्हा तात्पुरत्यांतल्या कोणाला कायम करायचं, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. छापण्याआधी मी माझं नाव काढून टाकलं.

संध्याकाळी काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. खालचं एकटं नाव बघितलं. मला वाटलं, आता फाडून टाकतील. त्यांनी सही केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार दिवसांनी ते गेले. माझ्याशी बोलले ते हे शेवटचं.

"बरं केलं, पोरी," म्हणाले. "नाव नोको देत जाऊ कोनाले."