भिंतीत ठोकलेले बोळे

“बोळं काढा! अरं, कुणाला इचारून बुजवलासा? काढा आधी!” मिस्त्री धरणाच्या पायथ्याशी असा ओरडत होता, की पलीकडच्या डोंगरावरची म्हसरं चरायची थांबली. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

महाराजांनी वरच्या खोऱ्यात धरण बांधायला काढलं, त्या काळची गोष्ट. उन्हाळ्यात खालच्या शेतांना पाणी मिळणार आणि पुढंमागं त्याच पाण्यानं चाक फिरवून कोल्हापुरात दिवे लागणार, असं साहेब लोक सांगत. भिंत अजून पुरी उंच झाली नव्हती. तरी त्या पावसाळ्यात तिच्यामागं एवढं पाणी तुंबलं, की आमची कोडोली बुडवून उरलेल्यात पन्हाळा धुऊन काढला असता. आणि भिंतीच्या अगदी खाली माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. ती नुकतीच बाळंत झालेली. मी बाळंतविडा घेऊन गेलो होतो.

भिंतीच्या पायाजवळ दगडांत ओळीनं भोकं होती, त्यांतून पाणी ठिबकायचं. धरण गळतंय म्हणून गाव धास्तावलं. माणसं सगळी मोटेवर जन्म काढलेली. चामड्याची मोट गळली की चिंध्यांचा बोळा चरबीत भिजवून भोकात ठोकायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. दाजींनी पुढाकार घेतला आणि गावानं मिळून धरणातही तसेच बोळे ठोकले. गावात धडुतं म्हणून उरलं नाही; पाटलाचा फेटासुद्धा भिंतीत गेला.

“बघा पावणं,” दाजी मला म्हणाले, “थेंब न्हाय!”

थेंब नव्हता खरा. पण दुसऱ्या दिवशी भिंत भलत्याच जागी घामेजली. सांध्यांतला ओला चुना बोटाला लागू लागला. दगडाला कान लावला तर आत कुणी दळत बसल्यासारखी घरघर. पाखरं भिंतीवर बसेनात. तेव्हा कुठं कुणीतरी धावत जाऊन मिस्त्रीला आणलं.

“ही भोकं आमीच ठेवल्यात,” तो घसा फाडून सांगत होता. “आत मुरल्यालं पाणी भाईर पडाय वाट नको? भित फुगून फुटंल की!”

पहिला बोळा उपटला, तो बंदुकीच्या गोळीसारखा दाजींच्या कानावरून गेला. मागून आलेल्या धारेनं एक अख्खा रेडा आडवा केला. त्यानंतरचे बोळे आम्ही बाजूला सरकून, एकेक करत उपटले.

“झालं. आता भ्या न्हाय,” मिस्त्री सगळ्यांना म्हणाला, आणि आपल्या खोपटाकडं निघून गेला.

तरीही मी बहिणीच्या घरी येऊन तिला न्यायला गाडी जुंपली. अक्काची सासू दारात आडवी उभी राहिली. “पाचवी पुजल्याबिगार बाळंतीण उंबरा वलांडत न्हाय! आन मिस्त्री बोलला की, भ्या न्हाय म्हणून!” आत अक्का पोराला छातीशी धरून नुसती माझ्याकडं बघत होती. बाहेर पावसानं पुन्हा जोर धरला, आणि त्या आवाजातही मला भिंतीची घरघर ऐकू येत होती.

मी तसाच भिजत मिस्त्रीच्या खोपटात गेलो. तो एकटाच भाकरी खात बसला होता.

“मिस्त्री, भण माझी भितीखालीच हाय. ठेवू का न्हेऊ?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

“माझी बायकापोरं मी परवाच कागलला धाडली.”